संगणकाला ताप चढतो तेव्हा...

मे महिन्याची दुपार. जबलपूरच्या ग्वारीघाटाच्या पायऱ्या अशा तापलेल्या असतात की, अनवाणी पायांनी नर्मदेपर्यंत पोचायचे तर उड्या मारतच जावे लागते. पारा ४२-४३ अंशांवर. संध्याकाळी आरतीच्या वेळी घाट पुन्हा गजबजतो, नावा हलू लागतात. पण दुपारी माणसे घरात, खिडक्या बंद, आणि कूलरची घरघर चालू!

अशाच एका घराची कल्पना करा. दोन-तीन पिढ्यांपूर्वी नोकरीच्या निमित्ताने इकडे येऊन स्थायिक झालेले मराठी कुटुंब. आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले, छोट्या गाडीचे ड्रायव्हर. नातू इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. पॉकेटमनी साठवून, एकेक भाग जमवून त्याने स्वतः संगणक जोडला. जानेवारीत त्याच्या डोक्यात आले, चार गिगाहर्ट्झचा प्रोसेसर चार पॉइंट सहावर पळवून पाहू. पळाला! दोस्तांना दाखवून झाले, पाठीवर थाप पडली. एप्रिल सरला आणि दुखणे सुरू झाले. मध्येच पडदा निळा होतो, कधी यंत्र आपोआप बंद पडून पुन्हा चालू होते, तर कधी नुसतेच गोठून बसते. त्याच यंत्रात ताईच्या लग्नाचे फोटो आहेत, बाबांचे हिशेब आहेत आणि पंधरा दिवसांनी द्यायचा प्रोजेक्टही आहे.

"आजोबा, हिवाळ्यात अगदी नीट चालत होता हो!" नातू कुरकुरतो.

"अरे, हिवाळ्यात मीसुद्धा नीट चालतो," आजोबा म्हणतात.

थट्टेत बोललेले असले तरी अर्धे निदान या वाक्यात आहे. उरलेले अर्धे मात्र जरा लांबचे. त्यासाठी आधी हा वेग वाढवण्याचा प्रकार काय आहे ते पाहायला हवे.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, हे आता शाळकरी पोरेही सांगतात. हा मेंदू तालावर काम करतो. मदरबोर्डवर एक मूळ ठोका चालू असतो. प्रोसेसर त्या ठोक्याला ठरावीक आकड्याने गुणतो आणि तेवढ्या वेगाने आकडेमोड करतो. आजच्या बहुतेक यंत्रांत मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा असतो. त्याला ४० ने गुणले की ४,००० मेगाहर्ट्झ, म्हणजेच चार गिगाहर्ट्झ. मूळ ठोका किंवा गुणक, दोहोंपैकी एक वाढवला की यंत्र कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळते. यालाच म्हणायचे ओव्हरक्लॉकिंग.

ही हौस आजची नाही. आयबीएमने १९८४ मध्ये पीसी एटी नावाचा संगणक आणला. त्याचा प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झने चाले आणि त्याला ताल देणारा १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक खाचेत नुसता बसवलेला असे. चतुर मंडळींनी तो उपटून तिथे १६ चा बसवला. झाला ८ मेगाहर्ट्झचा संगणक, तोही किरकोळ खर्चात! कंपनीला हे रुचले नाही. पुढच्या यंत्रांत तिने वेग तपासणारी सूचनाच घालून ठेवली. ताल चुकीचा आढळला तर यंत्र सुरूच होईना.

खरी धमाल आली १९९८ मध्ये. इंटेलने ऑगस्टमध्ये सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर काढला. ६६ चा ठोका, साडेचारचा गुणक, वेग ३०० मेगाहर्ट्झ. पण ठोका १०० वर नेला की हाच गडी ४५० वर पळू लागे. आणि ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू त्या वेळी याच्या चौपटीहून महाग होता! मदरबोर्ड ऐकत नसेल तर प्रोसेसरच्या पट्टीवरच्या एका टोकाला चिकटपट्टी किंवा चक्क नेलपॉलिश लावून त्याला फसवता येई. किती बहिणींच्या बाटल्या या कामी रिकाम्या झाल्या असतील कोण जाणे! मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून भाग आणून संगणक जोडून घेण्याचे ते दिवस होते. घरात संगणक येणे ही तेव्हा पेढे वाटण्याची गोष्ट होती. तीनशेच्या किमतीत साडेचारशे मिळतात म्हटल्यावर मध्यमवर्गीय मनाला गुदगुल्या होणारच.

यातून एक लबाडीही जन्मली होती. कमी वेगाच्या प्रोसेसरवरचा आकडा खरवडून तिथे जास्त वेगाचा शिक्का मारायचा आणि महाग विकायचा, हा धंदा नव्वदच्या दशकात जगभरच्या बाजारांत चालला. प्रोसेसरच्या गुणकाला कुलूप घालण्यामागे या लबाडीला आळा घालण्याचाही हेतू होता. पुढे गंमत अशी झाली की, कंपन्यांनी कुलूप नसलेले प्रोसेसर वेगळे काढून त्यांचे जास्त पैसे घ्यायला सुरुवात केली. (जाता जाता: १९९३ च्या पेंटियमच्या घडणीत मोठा वाटा असलेले विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. इंटेल सोडल्यावर ते ज्या कंपनीत गेले ती एएमडीने विकत घेतली, आणि तिच्या आराखड्यावरून १९९७ चा के६ हा प्रोसेसर आला. पेंटियम आणि त्याचा प्रतिस्पर्धी, दोहोंच्या पाळण्याची दोरी एकाच हातात!)

आता मुख्य प्रश्न. वेग वाढवता येतो, तर कंपनीच तो वाढवून का देत नाही? आणि एका ठिकाणी येऊन गाडी अडते का?

सिलिकॉनच्या एकाच चकतीतून शेकडो प्रोसेसर कापले जातात. पण एका घाण्यातल्या चकल्यासुद्धा सारख्या होत नाहीत. एखादी खुसखुशीत, एखादी जरा मऊ. कारखान्यात प्रत्येक तुकडा तपासून त्याला झेपेल तो वेग ठरवला जातो, आणि वर थोडी मोकळीक राखली जाते. का? तो कॅनडातल्या थंडीत चालायचा आहे तसा जबलपूरच्या उन्हाळ्यातही. पंख्यावर वर्षाची धूळ साचल्यावरही चालायचा आहे, आणि पाच-सात वर्षांनी थोडा थकल्यावरही. ओव्हरक्लॉकिंग करणारा ही राखीव मोकळीक खर्चून टाकतो. हौस म्हणून करायला हरकत नाही, पण नवीन काही निर्माण झाले असे समजू नये. जमा रकमेतून काढलेले पैसे ते!

ही रक्कम किती लवकर संपते ते पाहा. प्रोसेसरमधल्या सूक्ष्म कळा एका ठोक्याच्या आत उघडून-मिटून झाल्या पाहिजेत. ठोके जवळ आले की कळांना वेळ पुरत नाही. मग त्यांना हुशारी यावी म्हणून व्होल्टेज वाढवावे लागते. पण उष्णता वाढते ती वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. आपल्या नातवाने वेग ४ वरून ४.६ केला, म्हणजे १५ टक्के वाढ. त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ केले असे धरू. हिशेब केला तर उष्णता वाढते जवळजवळ ४५ टक्के! ६५ वॅटचा प्रोसेसर ९५ वॅटच्या घरात जातो. मिळाले पंधरा, मोजले पंचेचाळीस. त्यातच कळा तापल्या की आणखी मंदावतात, म्हणून आणखी व्होल्टेज, म्हणून आणखी ताप... एका जागी हे चक्र अडतेच.

आणि पंखा काही बर्फ तयार करत नाही. तो फक्त प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेत ढकलतो. त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश जास्त तापतो हे जवळपास ठरलेले असते. तो फरक ५८ अंशांचा असेल, तर जानेवारीत २० अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७८ वर राहील. मेमध्ये खोलीच ३८ अंशांवर गेली की तोच प्रोसेसर ९६ वर. साधारण ९५ ते १०० च्या दरम्यान आजचे प्रोसेसर जीव वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करतात. म्हणजे वेग वाढवण्याचा सारा खटाटोप करून ऐन उन्हाळ्यात यंत्र पहिल्यापेक्षाही हळू चालू शकते!

मग बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायचे कसे? इथे घाई उपयोगाची नाही. ताप आलेल्या मुलाला एकाच वेळी चार औषधे दिली तर गुण कशाने आला हे कळत नाही, तसेच हे आहे. पहिले काम म्हणजे फोटो, हिशेब, प्रोजेक्ट दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेणे. मग सगळी बटणे कंपनीच्या मूळ आकड्यांवर आणायची आणि दोन दिवस यंत्र तसेच वापरायचे. तरीही बंद पडत असेल तर वेगावर खापर फोडू नका. धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, सैल बसलेली मेमरीची पट्टी किंवा स्वस्तातला एसएमपीएस, यांपैकी कोणीतरी चोर आहे. संगणक कूलरच्या झोतात ठेवण्याची चूकही अनेक घरांत होते. वाऱ्याबरोबर तिथे ओल जाते, आणि ओलीवर धूळ घट्ट बसते.

मूळ आकड्यांवर यंत्र गुण्यागोविंदाने चालले, तर आजार वेगाचा. आता एका वेळी एकच आकडा, तोही थोडाच वाढवायचा आणि वहीत लिहून ठेवायचे. यंत्र सुरूच झाले नाही तर घाबरू नये. वीज तोडून मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काही मिनिटे काढून ठेवला, किंवा त्यासाठी दिलेली कळ जोडली, की केलेले बदल पुसले जातात आणि यंत्र बहुधा शुद्धीवर येते. जड काम दिल्यावर काही सेकंदांतच कोलमडत असेल तर बहुधा व्होल्टेज अपुरे. पंधरा-वीस मिनिटे चांगले चालून मग मान टाकत असेल तर संशय उष्णतेवर. निळा पडदा वगैरे काही न दाखवता कोणी प्लग ओढावा तसे बंद होत असेल तर वीजपुरवठ्याचा भाग तपासावा. फक्त खेळ खेळतानाच अडत असेल तर ग्राफिक्स कार्ड. मेमरी तपासायला मेमटेस्ट हा प्रोग्रॅम आहे, तो रात्रभर चालू ठेवावा. हे सगळे अंदाज आहेत, वेदवाक्ये नव्हेत. पण निम्मे रोगी यातच सापडतात.

जुन्या यंत्रांत आणखी एक छुपा रोग असे. मूळ ठोका वाढवला की प्रोसेसरबरोबर इतर जोडण्यांचाही वेग वाढे. ठोका ६६ चा असो वा १०० चा, मदरबोर्ड त्याला दोनाने किंवा तिनाने भागून हार्ड डिस्ककडे जाणारा रस्ता ३३ वर ठेवी. पण कोणी ८३ चा मधलाच आकडा निवडला की त्याचे निम्मे साडेएकेचाळीस. प्रोसेसर मजेत, आणि डिस्कवर मात्र भलतेच लिहिले जाई! १०० ला नीट चालणारे यंत्र ८३ ला बिघडते कसे, हे कोडे सुटेपर्यंत कित्येकांच्या फायली गेल्या.

बंद पडणाऱ्या यंत्रापेक्षा भीतिदायक असते ते बंद न पडता चुकणारे यंत्र. पडद्यावर सारे ठीक दिसते, पण आत एखाद्या बेरजेत एक अंक इकडचा तिकडे झालेला असतो. तो फोटोच्या फायलीत गेला तर चेहऱ्यावर पट्टा उमटतो, हिशेबात गेला तर कळतही नाही. असली चूक पकडण्यासाठी हौशी लोक प्राइम९५ वापरतात. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी हा प्रोग्रॅम लिहिला. त्याच्या कसोटीत उत्तरे आधीच ठाऊक असलेली गणिते प्रोसेसरला तासन्‌तास सोडवायला लावतात. उत्तर जुळले नाही की प्रोग्रॅम थांबून सांगतो: ०.४ पेक्षा कमी यायला हवे होते, ०.५ आले. एवढ्याशा फरकाने निकाल! पण ज्याने तो पाहिला त्याने त्या वेगावर पुढे जाऊ नये. "एकदाच तर चुकला" हे समर्थन पोराच्या परीक्षेत चालेल, संगणकाच्या नाही.

मर्यादा ओळखण्यात चुका फक्त हौशी पोरेच करतात असे मात्र नाही. २००० साली इंटेल आणि एएमडी यांच्यात एक गिगाहर्ट्झच्या पुढे कोण पळतो याची शर्यत लागली होती. जुलैच्या अखेरीस इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री बाजारात आणला. थॉमस पाब्स्ट हे मूळचे जर्मन डॉक्टर. संगणकाचे भाग तपासून त्यांवर लिहिण्याने त्यांचे नाव झालेले. त्यांच्या हाती आलेला नवा प्रोसेसर लिनक्सचा गाभा संकलित करण्याच्या कामात सारखा अडखळू लागला. इतर परीक्षकांनीही पडताळून पाहिले. महिनाभरात, ऑगस्टच्या अखेरीला, कंपनीने तो प्रोसेसर परत मागवला. वेगाच्या नादात कारखान्यानेच राखीव मोकळीक खर्चून टाकली होती, आणि ती चूक पकडली ओव्हरक्लॉकिंगच्या कसोट्या मुरलेल्या मंडळींनी!

चार वर्षांनी तर अख्खा उद्योगच या भिंतीवर आदळला. पेंटियम फोर चार गिगाहर्ट्झवर नेण्याचे इंटेलने जाहीर केले होते. तापापुढे ते जमेना. ऑक्टोबर २००४ मध्ये बेत रद्द झाला, आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेच्या व्यासपीठावर गुडघे टेकून गमतीने क्षमा मागितली. एकच घोडा आणखी पळवण्यापेक्षा दोन, चार, आठ घोडे जुंपण्याची वाट तेव्हापासून रुळली. आज प्रोसेसरच्या खोक्यावर किती 'कोअर' आहेत ते छापलेले असते, त्याचे मूळ हेच.

मग हौशी लोक नऊ गिगाहर्ट्झवर जातात ते कसे? २०२२ च्या डिसेंबरात पहिल्यांदा हा टप्पा ओलांडला गेला तो द्रवरूप हेलियम ओतून, म्हणजे उणे २६९ अंशांच्या आसपासच्या थंडीत, आणि तोही काही क्षणांपुरता. त्या यंत्रावर कोणी हिशेब लिहीत नाही.

रोजच्या वापराच्या यंत्राबद्दल अगदी अलीकडचा धडा आहे २०२४ चा. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले वरच्या दर्जाचे प्रोसेसर काही महिन्यांच्या वापरानंतर अस्थिर होऊ लागले. मालकांनी काही वाढवले नव्हते तरीही! ठरावीक प्रसंगी प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून घेत होता, आणि त्याने आतली सर्किटे हळूहळू झिजत होती. कंपनीने ऑगस्टमध्ये सुधारणा दिली, हमी दोन वर्षांनी वाढवली. पण झिजलेला प्रोसेसर सुधारणेने भरून निघत नाही. असा प्रोसेसर घरात असेल तर मदरबोर्डच्या कंपनीकडून बायोसची नवी आवृत्ती घेऊन घालावी, आणि अस्थिरता आधीच सुरू झाली असेल तर हमीचा कागद शोधावा.

आता परत ग्वारीघाटच्या घरात. नातवाने फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवले, मूळ आकडे लावले, पंख्यातली धूळ ब्रशने काढली. यंत्र शहाण्यासारखे चालू लागले, पण नातवाचा चेहरा उतरला. सहा दशांश गिगाहर्ट्झ गेले ना! त्याला सांगण्यासारखी गोष्ट अशी की, आजचे प्रोसेसर थंडावा मिळाला तर थोडा वेळ आपणहून वेग वाढवतात. कारखाना स्वतःच मोकळीक वापरून घेतो, म्हणून हाताने वाढवायला पूर्वीइतके उरतच नाही. उलट उष्ण प्रदेशात दुसरीच युक्ती जास्त फळते: वेग तोच ठेवून व्होल्टेज किंचित कमी करायचे. तुकडा चांगला निघाला असेल तर पाच-सहा अंशांचा ताप उतरतो, पंख्याचा आवाज घटतो, आणि प्रोसेसरला आपणहून पळायला जागा मिळते. अर्थात कसोटी तीच: एकदा कमी करायचे, प्राइम९५ चालवायचे, वहीत लिहायचे. आणि रात्री, खोली गार असताना नव्हे, तर दुपारी दोन वाजता तपासायचे.

नातू हे सारे आजोबांना समजावून देतो. आजोबा ऐकतात आणि आपल्या गाडीचे सांगू लागतात. जबलपूरहून नैनपूर, गोंदियाकडे जाणारी ती अडीच फुटी रुळांची गाडी, ग्वारीघाट तिचे स्टेशन. जबलपूर-नैनपूरच्या टप्प्यावर २०१५ मध्ये ती बंद झाली, आता तिथे मोठे रूळ आहेत.

"वेगाची पाटी लावलेली असायची वळणावर," आजोबा म्हणतात. "इंजिन जास्त पळायचं का? पळायचं. पण पाटी इंजिनासाठी नसायची रे, वळणासाठी असायची."

"आणि तुम्ही कधी पळवलीत, आजोबा?"

"जानेवारीत," आजोबा म्हणतात आणि आरतीची वेळ झाली म्हणून चपला शोधायला उठतात.